पाणी सोपं असतं

नागपूरला माझं प्रदर्शन लागलं की कुणीतरी शहाणा हात मागे बांधून भिंतीभिंतीने फिरतो आणि शेवटी माझ्यापाशी येऊन विचारतो, "मॅडम, तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत एवढ्या नद्या, एवढी तळी, आणि तुमच्या एकाही चित्रात पाणी कसं नाही?" वैनगंगा मी काढली आहे, पण उन्हाळ्यातली, नुसती रेती. गावामागचं तळं काढलं आहे, ते भेगा पडलेलं. एका विद्वानाने माझ्या या कोरडेपणावर मोठा लेख लिहिला, त्यात दुष्काळ, विस्थापन, स्त्रीचं अंतर्मन असं सगळं कोंबलं. मी त्याचं कात्रण जपून ठेवलं आहे, कारण खोटं असलं तरी कौतुक ते कौतुक. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नाही. हातात चहाचा कप धरून चारचौघांत सांगावं असं ते नाही, ऐकणाऱ्याला मळमळेल. आता वय झालं, ब्रश धरला की बोटं थरथरतात, तर म्हटलं एकदा लिहून मोकळं व्हावं.

माझे बाबा म्हणजे चामोर्शीचे दामूभाऊ पेंटर. दुकानांच्या पाट्या, विहारातल्या तसबिरी, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा असं सगळंच ते रंगवत, पण त्यांचा खरा धंदा मेलेल्या माणसांची चित्रं काढण्याचा. त्या काळी आमच्याकडच्या खेड्यांत माणसाचा फोटो निघे जन्मात एकदा, तोही कुणाच्या तरी लग्नातला, चाळीस मुंडक्यांच्या गर्दीतला. माणूस गेलं की घरचे लोक तो फोटो रुमालात गुंडाळून आणत आणि बोट ठेवून सांगत, "हे पाहा जी, हे आमचे बुवा, तिसऱ्या रांगेतले." पुण्यानुमोदनाला नाहीतर तेरवीला, ज्याची जशी रीत तशी, भिंतीवर टांगायला मोठं चित्र लागे. बाबा त्या फोटोवर टोकदार पेन्सिलीने बारीक चौकोन पाडत, ताणलेल्या कापडावर तेवढेच चौकोन मोठे पाडत आणि एकेक चौकोन करत चेहरा उतरवत. पण फोटोत मिळे तो फक्त चेहरा. बाकीचं धड पुढच्याच्या टोपीमागे गेलेलं असे. पुरुषाचं धड बाबा आरशात बघून स्वतःचंच काढत आणि वर कोट चढवत, म्हणून आमच्या तालुक्यातले सगळे मेलेले पुरुष खांद्याने एका बाजूला किंचित कललेले आहेत. बायकांच्या धडासाठी माझी माय होती.

रीत अशी की बाईचं चित्र सांगायला येणाऱ्याने तिचं एखादं पातळ बरोबर आणायचं. माय ते नेसून पडवीतल्या लाकडी खुर्चीवर बसे, मांडीवर हात ठेवून, आणि बाबा ते धड रंगवत. "दिसते तेच काढाचं, मनचं काढाचं नाई," हे बाबांचं तत्त्व, आणि त्याचा त्यांना फार ताठा. ते तत्त्व पाळायला लागणारा त्रास मात्र मायच्या अंगावर. आणलेली पातळं धुतलेली असतीलच असं नाही. कशाला शिळ्या खोबरेल तेलाचा वास, कशाला आजारी माणसाच्या अंथरुणाचा, एकाच्या पदराला तर तंबाखूची पुडी तशीच बांधलेली. एकदा कुणा म्हातारीचं लुगडं आलं, त्यावर सुकलेल्या ओकारीचा डाग होता. माय डागाची बाजू आत घेऊन निऱ्या घालून दोन तास बसली. उठली की ती सरळ विहिरीवर जाई आणि अंगाला राख चोळून आंघोळ करी. मी पायरीवर बसून बघत असे. मला तेव्हा तिची दया यायची नाही. मला किळस यायची, आणि लाज वाटून सांगते, ती मायचीच यायची. ती जवळ आली की मी नाक फिरवत असे.

मायच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी धान कांडताना मुसळाखाली सापडलेली. बाबा दिसतं तेच काढणारे, त्यामुळे चामोर्शीपासून पार वडशापर्यंत ज्या ज्या घरी आमचं चित्र गेलं त्या घरातल्या स्वर्गवासी बाईची करंगळी वाकडी आहे. एकदा एक लेक चित्र न्यायला आली आणि चित्रातल्या हातांवर डोकं टेकवून रडायला लागली, "माह्या मायचेच हात व, माह्या मायचेच हात!" माय आत तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला, करंगळीकडे पाहिलं आणि पुन्हा निवडायला लागली. माणसं मेल्यावर त्यांची एवढी काळजी करणारे लोक ती जिवंत असताना त्यांचे हात बघत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आज तर चित्राचीही कटकट उरली नाही. माणूस सकाळी गेला की दुपारी चौकात त्याचा फ्लेक्स, मागे हिमालय, खाली वीस पुढाऱ्यांचे हसरे फोटो. तो फ्लेक्स मग पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो.

घरात वास होता जवसाचा. बाबा रंगासाठी जवसाचं तेल चुलीवर उकळत, आणि त्याच चुलीवर माय भाजलेल्या जवसाची चटणी करी. आमच्याकडे भातावर जवसाची चटणी म्हणजे रोजचं जेवण, वर कच्चं तेल ओतलं की वेगळं कालवण नको. बाहेर धानाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटे, बाजाराच्या दिवशी गडचिरोलीहून येणारी एसटी आमच्या दारासमोर धूळ उडवून थांबे, आणि मी मेलेल्या माणसांच्या अर्धवट चेहऱ्यांखाली बसून भात खात असे. तोंडात घास आणि नाकात रंग, दोन्हींची चव एकच. कधीतरी मला वाटायला लागलं की आपण चित्रच खातो आहोत, आणि मी जवस सोडला. माय म्हणे, "एवढी कायची नखरेल व तू? तुह्या बापाच्या घरी दुसरं काय भेटन?" मी कांदा आणि मीठ घेऊन भात खायची. पुढे आयुष्यभर जवसाचा कण तोंडात घातला नाही.

चौदाव्या वर्षी बाबांनी मला ब्रश दिला. चेहरा नाही, धड नाही, फक्त माणसामागची जागा. "पानी काढ," ते म्हणाले. "पानी सोपं असते, पोरी. निळा लाव, आडव्या रेघा मार, मधात दोन कमळं सोडून दे. लोकायले शांत वाटते." खरंच सोपं होतं. वर्षभरात माझा हात इतका बसला की गप्पा मारत मी तळं भरून टाकत असे. कोण मेलं, कशाने मेलं, याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की कडेच्या सावलीत थोडा हिरवा मिसळला की पाणी खोल वाटतं, आणि ते मला एकटीलाच सुचलं होतं. शाळेत ड्रॉइंगचे सर होते, त्यांनी नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेचं नाव माझ्या कानावर घातलं होतं. बाबांच्या मागे लागल्यावर ते म्हणाले, "एक पूर्ण चित्र माह्यासंगं कर. बरं जमलं तर धाडतो." मी सतरा वर्षांची होते आणि कुणीतरी मरायची वाट बघत होते.

मेली ती नामदेवराव ठेकेदाराची बायको, कौसल्याबाई. नामदेवराव बांबूचा ठेका घेत, आमच्याच समाजातले, दारात जीप असलेला एकमेव माणूस, विहाराच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत खुर्ची. चाळिशी गाठलेली, मूलबाळ नाही. बाई पाणी काढताना पाय घसरून विहिरीत पडली असं सांगण्यात आलं. बायका आमच्या पडवीत बसून वेगळंही बोलत. कुणी म्हणे उडी घातली, कुणी आवाज आणखी खाली नेत. पण नामदेवराव रस्त्याने गेले की त्याच बायका पदर सावरून "या जी भाऊ, चहा घेऊन जा" म्हणत. खरं काय झालं मला माहीत नाही, आजही नाही. कुणी विचारलंच नाही, तर माहीत कुठून होणार?

चित्र सांगायला नामदेवरावांची बहीण गिरजाबाई आली. लग्नातला फोटो आणला आणि एक फिकं निळं, रुपेरी काठाचं पातळ. माय ते घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबांनी दोनदा हाक मारली. मग ती पातळाची घडी हातात घेऊन दारात उभी राहिली. गिरजाबाई तेव्हा निघून गेली होती.

"मी नाई बसत," माय म्हणाली.

"काऊन?"

तिने काठाची शिवण उलटी करून बाबांपुढे धरली. टाक्यांत हिरवट काळं काहीतरी वाळून चिकटलं होतं. "शेवाय हाय. विहिरीतलं. ज्या पातळात मेली तेच पातळ धाडलं त्याईनं. दुसरं भेटलं नाई काय एवढ्या मोठ्या घरात?"

बाबांनी नखाने खरवडून बघितलं. "असन. दोरीवर वाळत होतं तेच उचलून देल्लं असन. धुतलं तं हाय नं."

"मी नाई बसत."

माय पहिल्यांदा नाही म्हणाली होती. इतकी वर्षं घाम, तंबाखू, ओकारी, सगळं नेसून बसलेली बाई आता बसत नव्हती, म्हणजे काहीतरी मोठं असलं पाहिजे, एवढी अक्कल मला यायला हवी होती. मला राग आला. माझं चित्र अडलं होतं, माझं नागपूर अडलं होतं. मी म्हणाले, "मी बसतो." मायने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नको बसू, पोरी," आणि मी तिच्या हातातून पातळ ओढून घेतलं.

बसले. चार दिवस सकाळी बसले आणि दुपारी उठून माझ्याच धडामागे पाणी रंगवलं. कापड अंगाला थंड लागे, कडक उन्हातही, किंवा मला तसं वाटे. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी धान कापताना लागलेल्या विळ्याचा व्रण होता, चंद्रकोरीएवढा. बाबांनी तो जसाच्या तसा काढला. आणि मी मागे तळं भरलं, दोन कमळं सोडली, कडेला हिरवा मिसळून पाणी चांगलं खोल केलं. बुडून मेलेल्या बाईच्या पाठीमागे! विहिरीचं शेवाळ माझ्या पोटरीला घासत होतं आणि आपण मागे काय रंगवतो आहोत हे मला कळलं नाही. बाबांना कळलं नाही. आम्ही दोघं इतके कसबी होतो की आमच्या डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. हे मी जेवढ्या वेळा आठवते तेवढ्या वेळा मला तोंड धुवावंसं वाटतं.

पाचव्या दिवशी नामदेवराव चेहरा जुळतो का ते बघायला आले. मी खुर्चीवर बसलेली होते. ते चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पानी छान काढलं हाय." एवढंच. मग मागे वळले आणि चित्राकडे पाहिलं त्याहून कितीतरी जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. जवळ आले. त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास होता. "पदर असा नोता घेत ती," म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावर ओढला आणि दोन बोटांनी माझी हनुवटी थोडी खाली दाबली. "आता बरोबर. अशीच बसत जाय." बाबा दोन हात अंतरावर रंग कालवत उभे होते. त्यांनी मान हलवली आणि पदर दुरुस्त करायला ब्रश उचलला. दिसतं तेच काढायचं होतं ना त्यांना, दिसलं त्यांना हे.

दोन दिवसांनी गिरजाबाई पुन्हा आली, या वेळी पेढे घेऊन. भावाला पोरगी पसंत होती. पुण्यानुमोदन उरकलं की महिन्या-दोन महिन्यांत साध्या पद्धतीने लग्न लावून टाकू, विहारातच. "पोरगी चित्र काढते तं काढू द्या, त्याईची ना नाई," असंही ती उदारपणे म्हणाली. बाबांनी पेढा खाल्ला. त्यांनी हो म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा असा उजळला की त्याहून हो ते काय असतं. ती गेल्यावर म्हणाले, "मानूस वाईट नाई. घर भरलेलं हाय. आपल्यासारख्या पेंटरच्या दारात जीप येते, हे काय कमी झालं?" माय चुलीपाशी होती. मी तिच्याकडे बघत राहिले, की ही आता ओरडेल, भांडी आपटेल. तिने पेढ्यांचा पुडा उचलून गाईपुढे टाकला आणि भाताखाली लाकूड सारलं. मला रात्रंदिवस त्या दोन बोटांचा दाब हनुवटीवर जाणवत होता, पण बोलायला तोंड नव्हतं. पातळ मीच हिसकून घेतलं होतं ना.

आमच्याकडे चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी होत. बुबुळं भरलेली असत, पण त्यांतला पांढरा ठिपका बाबा घरच्या लोकांना बोलावून त्यांच्यासमोर देत. ठिपका पडला की मेलेलं माणूस एकदम बघायला लागे, बायका हंबरडा फोडत आणि बाबा ब्रश पुसत बाजूला होत. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणायचो. कौसल्याबाईचे डोळे उघडायला नामदेवराव आणि गिरजाबाई आले, आणि त्याच बैठकीत आमचं उत्तरही घेऊन जाणार होते. शेजारचे चार लोक पडवीत जमले होते. बाबांनी धुवट सदरा घातला होता. त्यांनी हाक मारली, "वंदीची माय, चहा आन."

माय चहा घेऊन आली ती तेच पातळ नेसून. फिकं निळं, रुपेरी काठाचं, पदर डोक्यावरून, नामदेवरावांनी माझा ओढला होता अगदी तसा.  तिने गिरजाबाईपुढे कप ठेवला, भावापुढे ठेवला, मग जाऊन त्या लाकडी खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवले. गिरजाबाईने कप उचललाच नाही. पातळ तिनेच धुतलं असणार, ती एकटक काठाकडे बघत होती.

"हे काय लावलं?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"लावलं काय? पातळाले मानूस पाह्यजे नं, बसली मी," माय म्हणाली. तिने वाकून काठ उलटला आणि गिरजाबाईसमोर धरला. "तुमी धुतलं बाई, पन शेवाय नाई निंगालं. पाहा. हे नेसून तुमची भावजय गेली. हेच नेसून माह्यी पोट्टी चार दिवस बसली, तिले समजलं नाई, लहान हाय. आता पोट्टी नाई भेटत. लागन तं मी येतो तुमच्या घरी, हेच पातळ नेसून, आन् विहिरीचं पानी भरतो. चालते काय, भाऊ?"

शेजारची माणसं जमिनीकडे बघू लागली. गिरजाबाई तोंडाला पदर लावून उठली आणि दाराबाहेर गेली. मला वाटलं नामदेवराव आता चिडतील, काही बोलतील, निदान लाजतील. त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला, त्यावर बशी झाकली आणि बाबांना विचारलं, "चित्र केव्हा भेटन?"

"उद्या धाडतो जी," बाबा म्हणाले.

आणि धाडलं! दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस-बिणूस न बोलावता, एकटेच उभं राहून त्यांनी ते दोन ठिपके दिले, कोपऱ्यात सही केली आणि चित्र जीपमध्ये चढवलं. त्यांच्या हातचं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मायने ते पातळ अंगणात जाळलं. त्यानंतर ती पुन्हा कधी खुर्चीवर बसली नाही, आणि बाबांच्या पुढच्या चित्रांतल्या बायकांचे हात लाकडी निघाले. उन्हाळा संपता संपता माय मला स्वतः एसटीत घालून नागपूरला तिच्या भावाकडे सोडून आली. बाबांनी अडवलं नाही, थांब्यावरही आले नाहीत. नागपूरच्या शाळेत मी माणसांची चित्रं शिकले, बरीच केली, मंत्र्यांची, कुलगुरूंची, नाक लहान करून मागणाऱ्यांची. मग तीही सोडली आणि जंगल, बांध, मोहाची झाडं यांच्याकडे वळले. झाडाला पातळ नेसवावं लागत नाही. पाणी मात्र पुन्हा काढलं नाही. निळा कालवायला घेतला की पोटरीला काहीतरी घासायचं.

गेल्या वर्षी एका तरुणाचा फोन आला. घरात आजोबांच्या वेळचं जुनं चित्र आहे, दमटपणाने खराब झालंय, तुम्ही मूळच्या चामोर्शीच्या असं कळलं, दुरुस्त करून द्याल का? त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवून दिला. तीन दिवसांनी मी एसटीत बसले. आपण का जातो आहोत हे मला नीटसं ठाऊक नव्हतं.

घर नवं, फरशीचं. बैठकीत भिंतीवर नामदेवरावांचा मोठा रंगीत फोटो, फेटा वगैरे, आणि शेजारी ते चित्र. ताज्या शेवंतीचा हार घातलेला. हाराखाली माझे सतरा वर्षांचे हात मांडीवर ठेवलेले. इतकी वर्षं रोज कुणीतरी माझ्या हातांना फुलं वाहत होतं आणि मी इकडे त्याच हातांनी जेवत होते. मी मोरीत जाऊन चूळ भरून आले. तो तरुण, नामदेवरावांच्या मुलाचा मुलगा, उत्साहाने सांगत होता, "मॅडम, बुरशी काढाच, आन् हे अंगठ्याजवळ डाग हाय नं, हेही काढून टाका. खराब दिसते."

"तो डाग नोहे," आतून आवाज आला. एक बाई काठी टेकत बाहेर आली, माझ्याच वयाची. ही सुमनबाई, नामदेवरावांची दुसरी बायको. त्याच वर्षीच्या दिवाळीत कुठल्याशा खेड्यातून करून आणलेली. तिने नातवाला चहा सांगायला आत पिटाळलं, खुर्ची ओढून माझ्यापाशी बसली, माझा उजवा हात सरळ हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. व्रण आता पुसट झाला आहे, पण बघणाऱ्याला दिसतो.

"तुमी होय," ती म्हणाली. "दामूभाऊची पोरगी. मले गिरजाबाईनं मरताना सांगतलं. तुमी या घरात नाई बसल्या, म्हनून मी बसली."

  माझ्या मायने मला सोडवलं एवढंच मी जन्मभर धरून बसले होते. जागा रिकामी राहिली नव्हती, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुमची माय शहानी होती. माह्यी माय जीप पाहून हरकली," सुमनबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो कधीचा वापरून संपला असावा. "सोसलं बाई. वाट्याले आलं तेवढं सोसलं. पन एक सांगतो. लग्न करून आली त्या दिवशी पयले हे चित्र पाह्यलं. मांगं पानीच पानी. मी इचारलं, कशी गेली? म्हने विहिरीत. मंग मले समजलं, काढनाऱ्यानं मले सांगासाठीच पानी काढलं हाय. तोंडानं बोलता येत नाई म्हनून रंगानं सांगतलं. त्या दिवसापासून एकटी विहिरीवर पाय नाई ठेवला. मारलं, उपाशी ठेवलं, तरी नाई गेली. पोरगं झाल्यावर विहिरीवर जाळीच टाकून घेतली." तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पानी कोनं काढलं होतं? तुमच्या बाबानं?"

"मी," मी म्हणाले.

"मले सांगासाठीच नं?"

ती माझा हात धरून होती. मला आडव्या रेघा आठवल्या, गप्पा मारत भरलेलं तळं, कडेला मिसळलेला हिरवा आणि त्याचं मला वाटलेलं कौतुक. हे सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्यावर तिची पंचेचाळीस वर्षं उभी होती.

"हो," मी म्हणाले.

तिने समाधानाने मान हलवली. "मी म्हटलंच होतं," ती म्हणाली आणि काठी टेकत आत गेली, मला जेवल्याशिवाय सोडायची नव्हती तिला. स्वतः पाट मांडला, स्वतः वाढलं. गरम भात, वर जवसाची चटणी, वर कच्चं तेल. घरभर तोच वास सुटला. ती समोर बसून मी जेवते का ते बघत होती, आणि मी ताटातली चटणी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.